स्वार राणीबागेत असतो

काळ्या घोड्याच्या थांब्यावर बसची वाट बघत उभी होते. शेजारी नऊवारीतल्या एक आजी आणि त्यांचा विशीतला नातू. नातू मोबाइलमध्ये, आजी समोरच्या घोड्याकडे टक लावून. बराच वेळ न्याहाळून झाल्यावर त्यांनी नातवाला काहीतरी विचारलं. त्याने मान वर न करताच "काय माहीत" म्हटलं, तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, ह्या घोड्यावरचा मानूस कुठाय?" प्रश्न रास्त होता. घोडा चांगला ऐटीतला, मोठा, पण पाठ मोकळी. आपल्याकडे चौकात घोडा असला की त्यावर कुणीतरी असतंच, ही डोळ्यांची सवय. मी पडले पक्की मुंबईकर, त्यात असल्या गोष्टी चारचौघांना सांगायची भारी हौस. चटकन म्हणाले, "स्वार राणीबागेत असतो, आजी." आजींनी क्षणभर विचार केला. "अन् घोड्याला हितंच सोडून गेला व्हय?" मी हसले, तेवढ्यात माझी बस आली आणि मी चढले.

बस फाउंटनला पोचेपर्यंत लक्षात आलं, की आपण त्या बाईंना साफ चुकीचं सांगितलं. स्वार काही घोडा सोडून गेलेला नाही. जुना काळा घोडा आणि त्याच्यावरचा प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड, दोघांना १९६५ साली एकत्रच उचललं आणि राणीबागेत नेऊन ठेवलं. मग पन्नासेक वर्षं त्या जागी घोड्याचं नाव तेवढं होतं, घोडा नव्हता. गाड्या लावायची जागा होती. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, आणि तो जाणूनबुजून स्वाराशिवाय घडवला गेला. हे सगळं मला माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, की जणू साहेब घोडा लावून गेलेत, संध्याकाळी येतील. आजी आता गावी जाऊन तेच सांगणार.

चूक बारीकच. पण ते 'असतो' मला पुढे चार दिवस टोचत राहिलं. 'ठेवलाय' म्हणाले असते, 'हलवला' म्हणाले असते, तर ठीक होतं. 'असतो' आपण माणसाबद्दल म्हणतो. काका डोंबिवलीला असतात. मामी हल्ली पुण्याला असते. निवृत्त झालेल्या, एकेकाळी फार रुबाब केलेल्या आणि आता कुणाच्या तरी मागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाबद्दल ज्या सुरात बोलतात, त्या सुरात मी ते म्हणाले होते. हा सूर माझ्यात कुठून आला? आमच्या घरात तर त्या पुतळ्यांबद्दल जिव्हाळा असायचं काहीच कारण नव्हतं.

आमचे आजोबा लालबागला चाळीत राहायचे, मिलमध्ये सांचे खात्यात होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला ते फाउंटनवर होते. आयुष्यभर ते 'फाउंटन' असंच म्हणाले. हुतात्मा चौक हे नाव ज्या गोष्टीमुळे पडलं ती डोळ्यांनी बघितलेला माणूस 'फाउंटनला गोळ्या चालल्या' असं सांगायचा, याची मला लहानपणी गंमत वाटे. त्या दिवशी त्यांची एक वहाण तिथे राहिली. दुसरी पायात ठेवून काय करायचं, म्हणून भायखळ्याच्या अलीकडे कुठेतरी तीही काढून टाकली आणि अनवाणी घरी आले. गोष्ट एवढीच. मोठं काही ते सांगत नसत. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचे, "नवी होती रे." वहाण.

तर अशा घरातली नात मी. तिने पांढऱ्या साहेबाच्या पुतळ्यासाठी 'असतो' म्हणावं?

शेवटी एक दिवस रजा टाकून राणीबागेत गेले. गेले ती बुधवारी. राणीबाग बुधवारी बंद असते हे जन्मल्यापासून माहीत असलेल्या बाईने बुधवारी जावं, यावरून मनाची अवस्था कळावी. फाटकाशी उभं राहून आतल्या झाडांकडे बघितलं, कोपऱ्यावर चहा प्याले आणि परत फिरले. दुसऱ्या वेळी गुरुवारी गेले.

राणीबाग म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. ज्यांचं लहानपण मुंबईत गेलं त्यांना हत्तीवरची फेरी आठवत असेल, ज्यांची मुलं आत्ता लहान आहेत त्यांना पेंग्विनची रांग. एक गोष्ट मात्र मला यावेळी पहिल्यांदाच सुचली. बाग १८६२ मध्ये उघडली, ती व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. आपल्या लोकांनी त्या लांबलचक इंग्रजी नावाचं दोन दिवसांत 'राणीबाग' करून टाकलं असणार. पुढे कागदोपत्री नाव बदललं, वीरमाता जिजाबाईंचं आलं, ते योग्यच झालं. पण राणी स्वतः, म्हणजे तिचा पुतळा, या बागेत आली ती १९६५ नंतर, राज्य गेल्यावर, तिच्या गादीचंही कुणाला काही पडलेलं नसताना. शंभर वर्षं नाव आहे तिथे राणी नाही, आणि राणी येते तोवर नाव निघायला लागतं. कुणी रचून सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

आत शिरलं की पहिल्यांदा थंडी लागते. बाहेर आंबेडकर रस्त्यावर गाड्यांचा धूर, उड्डाणपुलाची सावली, आणि दहा पावलांत एकदम ओला पालापाचोळा, माती, आणि कैलासपतीच्या फुलांचा तो दाट, जरासा गुदमरवणारा वास. झाडं फार जुनी आहेत. गोरखचिंचेचं खोड बघितलं की वाटतं, हत्तीच वेळ झाली म्हणून उभ्या उभ्या झाड होऊन गेला. ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा तिथेच आहे, डेव्हिड ससूनचा. आणि काळा घोडा शहराला भेट दिला होता तो याच डेव्हिडच्या मुलाने, अल्बर्ट अब्दुल्ला ससूनने, युवराज १८७५-७६ मध्ये येऊन गेल्याची आठवण म्हणून. म्हणजे फिरूनफिरून मुलाने दिलेला घोडा बापाच्या घड्याळापाशी येऊन राहिला. नात्यागोत्यात असं होतं कधीकधी.

घोडा दिसला आणि मी नकळत थांबले. काळा घोडा खरोखर काळा नाही. ब्राँझ आहे, जोसेफ एडगर बोएम नावाच्या शिल्पकाराने केलेलं, १८७९ मध्ये बसवलेलं. समुद्राची हवा आणि पावसाळे खाऊन ते ब्राँझ जो काळपट-हिरवा रंग धरतं, त्यावरून लोकांनी नाव ठेवलं, आणि नाव ठेवताना वरच्या युवराजाचा विचारच केला नाही. हे मला फार आवडतं. एवढा खर्च करून भावी सम्राट घोड्यावर बसवला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो घोडा. नवा पुतळा करणाऱ्यांनी स्वार गाळला तेव्हा त्यांनी लोकांचंच ऐकलं म्हणायचं. लोकांनी तो दीडशे वर्षांपूर्वीच गाळला होता. जवळ जाऊन बघितलं. घोड्याच्या पोटाखालून, पायांच्या मधून, पलीकडचं गवत दिसत होतं आणि त्यात एक साळुंकी. शिरा फुगलेल्या, कान मागेपुढे, एक पाय उचललेला. जनावर बघून घडवलेलं आहे, यात शंका नाही. वरच्या माणसाकडे बघायला मान बरीच वर करावी लागते आणि ऊन डोळ्यांवर येतं. मी घोडाच बघितला.

रखवालदार थोडा वेळ माझ्याकडे बघत होता. पेंग्विन सोडून इथे उभी राहणारी माणसं त्याला संशयास्पद वाटत असावीत.

तिथून संग्रहालयाच्या बाजूला गेले. आत शिरले नाही. भाऊ दाजींच्या त्या सोनेरी-हिरव्या दालनात शिरलं की तीन तास कुठे जातात कळत नाही, आणि मला बाहेरच्यांना भेटायचं होतं. आधी हत्ती. घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. घारापुरीला लाँचने जाऊन शेकडो लोक रोज 'हत्ती कुठाय, हत्ती' करत शोधतात आणि लेणी बघून परततात. हत्ती इथे, भायखळ्याला. त्याची कथा ऐकली की हसावं की रडावं कळत नाही. १८१४ मध्ये मान आणि डोकं गळून पडलं, पुढे धडही ढासळलं. मग १८६४ मध्ये साहेबाला वाटलं की हा विलायतेला न्यावा. यारीने उचलला, साखळी तुटली, आणि हत्ती खाली आदळून त्याचे तुकडे झाले. तुकडे कोण नेणार विलायतेला? ते राणीच्या बागेत आणून टाकले. १९१४ मध्ये दोघा इंग्रजांनी बसून ते जोडले. आज नीट बघितलं तर सांधे दिसतात. पाय एका जागी जरा वेगळ्याच उंचीचा वाटतो, कातळाचा रंगही सगळीकडे सारखा नाही. जुन्या प्रवाशांनी लिहिलंय की त्याच्या पाठीवर एक लहान प्राणी कोरलेला होता. कुणी म्हणे पिल्लू, कुणी म्हणे वाघ. पाठ आता रिकामी आहे. पाठ रिकामी असलेलं दुसरं जनावर त्या आठवड्यात बघत होते मी.

साखळी तुटली याबद्दल मला त्या साखळीचे आभार मानावेसे वाटतात. आणि त्याच वेळी हेही खरं, की ज्यांनी तो पाडला त्यांच्यातल्याच कुणी पन्नास वर्षांनी तो जोडला. आपण तेवढ्या काळात त्या तुकड्यांकडे बघितलं होतं का? नसावं.

मग कॉर्नवॉलिस, कंपनीच्या काळातला गव्हर्नर जनरल. हा एकेकाळी फोर्टातल्या हिरवळीवर, म्हणजे आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, घुमटीखाली असायचा. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करायचे, फुलं वाहायचे, आणि त्या जागेला छोटं देऊळ म्हणायचे, अशी नोंद जुन्या मुंबईबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजांनीच करून ठेवलीय. बहुधा कपाळावर हात मारून. मला त्या लोकांचं काही चुकलं असं वाटत नाही. घुमटी आहे, आत पांढरा दगड आहे, सरकारी माणसं त्याची निगा राखतायत, म्हणजे काहीतरी असणारच. हात जोडायला काय जातं? आमची आजी रस्त्यात कुठलंही शेंदूर दिसलेलं ठिकाण ओलांडताना पदर सावरायची, तेही याच हिशोबाने. आता इथे उभ्या-बसलेल्या या लाटसाहेबांना फुलं वाहतं ते फक्त झाड. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात, कुणाचं डोकंच नाही. साठच्या दशकात त्यांना हातोडे लागले, पुढे उघड्यावर ऊनपावसात पडून राहिले, त्यात काय काय गळालं याचा हिशोब कोण ठेवणार. संगमरवराच्या वळ्यांत, झग्याच्या चुण्यांत काळी बुरशी साचलेली आहे आणि मुंग्यांची एक रांग फार शिस्तीत एका माजी गव्हर्नर जनरलच्या पोटावरून चालली होती.

आणि राणी. ती बसलेली आहे. हिच्याबद्दल मला शाळेपासून एकच गोष्ट माहीत होती: चाफेकर बंधूंनी हिच्या पुतळ्याला डांबर फासलं. रँडच्या आधीची गोष्ट ती. शाळेत हे शिकवताना आमच्या बाई किंचित थांबत आणि वर्गातून एक दबकी खूश लाट जाई, ती अजून मला आठवते. मुलांना कुणाच्या तरी तोंडाला काळं फासणं हा प्रकार मनापासून समजतो. पुढची गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ते डांबर संगमरवरात मुरलं, कशाने निघेना, आणि शेवटी ते काढलं ते एका आपल्याच रसायनशास्त्रज्ञाने, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. बडोद्याला कलाभवन उभारलं ते हेच गज्जर. आणि हा पुतळा मुळात शहराला मिळाला तोही बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशाने. मॅथ्यू नोबलने घडवला, १८७२ मध्ये बसवला. म्हणजे बडोद्याच्या महाराजांनी दिला, चिंचवडच्या चाफेकरांनी काळा केला आणि बडोद्याचंच नाव लागलेल्या प्राध्यापकाने पुन्हा पांढरा केला. त्यात विलायतेच्या राणीने काय केलं, तर ती बसून राहिली.

मी तिच्याकडे बराच वेळ बघत होते. काय वाटलं म्हणाल तर नीट सांगता येत नाही. चाफेकरांचं चुकलं असं एक क्षणही वाटलं नाही. पुतळे काढले ते बरंच केलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्या चौकात आपल्या माणसांवर गोळ्या चालल्या त्याच्या आसपास हे लोक उंच चौथऱ्यावर बसून राहिले असते तर आजोबांनी त्या वाटेने कसं जायचं? आणि तरी त्या तुटक्या नाकाच्या, डोळ्यांच्या खोबणीत धूळ बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे बघून पोटात जे हललं त्याला दया म्हणावं की आणखी काही, मला माहीत नाही. दगडाची दया येते का कुणाला? कदाचित घडवणाऱ्याची येत असेल. झग्याच्या कडेची जाळी त्याने इतकी बारीक कोरली आहे, की बुरशी चढल्यावर ती जास्तच उठून दिसते.

बाकावर बसले आणि एकदम आमचा पोटमाळा आठवला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांनी पोटमाळा करून घेतला होता आणि त्यावर घरातलं सगळं नको असलेलं पण टाकवत नसलेलं सामान असे. आजीच्या सासूचं तांब्याचं घंगाळं, ज्यात कुणी कधी पाणी तापवलं नाही. बंद पडलेला रेडिओ. आजोबांच्या एका दारुड्या भावाची तसबीर, ज्याचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, पण तसबीर मोडीत कशी घालणार? दिवाळीच्या आधी ते सगळं खाली येई, फडक्याने पुसलं जाई आणि पुन्हा वर जाई. राणीबाग हा मुंबईचा पोटमाळा आहे. वितळवायचं मनावर घेतलं नाही, फोडून खडी केली नाही, मानाने उभंही केलं नाही. वर टाकलं. आणि मग अधूनमधून कुणाला तरी फडकं घेऊन यायची बुद्धी होते.

सगळ्यात गमतीची गोष्ट पुढेच आहे. जे खरोखर या बागेसाठी म्हणून बनवलं होतं, ते मात्र इथे नाही. ते फाउंटन. शेतकी-बागाईत सोसायटीने हे कारंजं राणीबागेत बसवायचं ठरवलं होतं. सत्तेचाळीस हजार रुपये खर्च आला, त्यातले वीस हजार करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. नॉर्मन शॉने आराखडा केला, जेम्स फोर्सिथने पोर्टलँडच्या दगडात कोरलं, नाव ठरलं फ्रिअर फाउंटन. आणि मग कुणाच्या तरी मनात आलं की बागेत कशाला, किल्ल्याचा चर्चगेट जिथे पाडला त्या मोकळ्या जागेत उभं करू. १८६४ मध्ये केलं. फुलांची देवी फ्लोरा बागेत यायची ती रस्त्यात गेली, तिच्या चारी बाजूंनी आधी घोडागाड्या फिरल्या, मग ट्राम, मग बेस्टच्या बसगाड्या. कुणीकुणी तिला रंग फासले, एकावर एक तैलरंगाचे थर, ते अलीकडच्या दुरुस्तीत खरवडून काढले. त्या खोदकामात जमिनीखाली ट्रामचे रूळ निघाले. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. रूळ उपटायचा कंटाळा केला आणि वर डांबर ओतलं. आता ते काही रूळ तिथेच मांडून ठेवलेत. बघायला मिळतात.

बाकावर बसल्या बसल्या मी तो डाव उलटा मांडून बघितला. फ्लोरा ठरल्याप्रमाणे भायखळ्याला आली असती तर? कैलासपतीच्या झाडाखाली, चारी बाजूंनी पोरं पाण्यात हात घालतायत, कुणी आई ओरडतेय. देवीला बरं वाटलं असतं. मग 'फाउंटन' हा शब्द आजोबांच्या तोंडात कधी आलाच नसता, निदान त्या अर्थाने नाही. चौक तोच, गोळ्या त्याच, पण ते म्हणाले असते काय? त्या जागेला आणखी कुठल्यातरी साहेबाचं नाव असतं आणि वहाण त्या साहेबापाशी राहिली असती. मला उगाच हायसं वाटलं. चुकून का होईना, त्या बाचाबाचीच्या, रक्ताच्या ठिकाणी एक फुलं घेतलेली बाई उभी होती. तिने काही केलं नाही, पण साहेब तरी नव्हता.

इथवर लिहून झालं असतं तर लेख झाला होता. पण राणीच्या समोर बसलेली असताना एक आठवण सारखी वर येत होती, तिचं काय करायचं कळेना. आम्ही लहान असताना दर मे महिन्यात आजोबा आम्हा नातवंडांना राणीबागेत आणायचे. चालत. सोबत चपात्या आणि बटाट्याच्या भाजीचा डबा, पाण्याची बाटली. पिंजरे बघून पोरं दमली की ते या पुतळ्यांच्या बाजूला, जिथे फारसं कुणी येत नसे, तिथे बसत आणि डबा उघडत. मला स्पष्ट दिसतं: आजोबा राणीच्या पायाशी बसलेत, डबा तिच्या चौथऱ्यावर ठेवलाय, चपातीची घडी करून खातायत. राणीच्या उशाला एक झाड. इतकी वर्षं मी हे चित्र मनाशी धरून होते आणि मला त्यात एक सूड दिसायचा, फार शांत, चपातीभाजीचा सूड. खरं सांगायचं तर हा लेख लिहायचं मनात आलं तेव्हा शेवट तोच करायचा असं ठरवूनही टाकलं होतं.

दुसरी एक आठवण त्याला चिकटून येते, तिला जागाच नाही. पोटऱ्यांना आणि मांड्यांना मागून लागणारा दगडाचा गारवा. फ्रॉक वर सरकलेला, पाय लोंबकळतायत, भर उन्हात बूड गार पडलंय. गुळगुळीत, संगमरवरासारखा दगड. हे कुठलं? कुठलंसं देऊळ असणार, एखाद्या लग्नाला गेलो असू, असं धरून चालले होते.

घरी येऊन बाबांना फोन केला. ते आता नाशिकला असतात. त्यांना सगळं सांगितलं; बुधवार, घोडा, हत्तीचे सांधे. ते ऐकत होते की टीव्ही बघत होते देव जाणे. मग म्हटलं, "आणि आजोबा ज्या ठिकाणी राणीच्या पायाशी डबा घेऊन बसायचे ना, तिथे मी बराच वेळ बसले होते."

"राणीच्या पायाशी?" बाबा म्हणाले. "छे गं. ते हत्तीला टेकून बसायचे. राणीच्या बाजूला फिरकायचे पण नाहीत. म्हणायचे, तिच्यासमोर जेवण जात नाही."

मी गप्प झाले. माझं चित्र गेलं. झाड गेलं, चौथरा गेला, चपातीचा सूड गेला.

"मग राणीपाशी कोण बसायचं? मला चक्क दिसतंय."

"राणीपाशी?" बाबा हसायला लागले. "तू. पाशी कुठली, मांडीवर चढून बसायचीस. हाका मारून मारून माझा घसा बसायचा, उतरायला तयार नसायचीस. गार लागतं म्हणायचीस. आणि घरी जाईपर्यंत फ्रॉक मागून काळाकुट्ट."